बोरखळीचे नवे मानकरी

बाजारच्या दिवशी कारभारी सकाळीच सायकल काढायचा आणि नगरच्या जकात नाक्यासमोर, बाभळीच्या विरळ सावलीत जाऊन बसायचा. शहरात त्याचं काही काम नसे. नाक्यावर भांडण कधी लागतंय याची वाट बघणं, एवढंच काम.

नाका शेवगाव रस्त्यावरचा. माल घेऊन शहरात शिरायचं तर इथं थांबायचं, पेट्या सोडून दाखवायच्या, जकात भरायची, पावती घ्यायची आणि मग पुढं. नाक्यावरचा कारकून सज्जन होता, पण नियमाला धरून चालणारा. दहा डबे असले तर दहाही उघडायला लावायचा, आणि मध्येच चहा आला तर चहा पिऊन झाल्यावर पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरू करायचा. मालवाला आधी विनवणी करी, मग कुरकुर करी, मग त्याचा आवाज चढे. कारभारी बिडी ओढत शांतपणे बघत असे. नुसता चिडलेला माणूस त्याला चालत नसे, पुरता तापलेला लागे. तसा तो तापून तरातरा बाजूला आला, की कारभारी उठायचा आणि घरून आणलेला पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरायचा.

"रामराम. लई तरास झाला जनू."

तहानलेला माणूस पाणी पिताना बोलू शकत नाही, हे कारभारीनं हेरून ठेवलं होतं. तेवढ्या वेळात तो आपलं सगळं सांगून घ्यायचा.

"अर्धा मैल मागं आमचं गाव हाय, बोरखळी. आता येताना लागलं की तुमाला, लिंबाची झाडं हायेत बगा रस्त्याला. तिथं नाका न्हाई, पावती न्हाई, पेटी सोडा म्हननारं कोन न्हाई. यष्टी थांबती. शेवगावाकडचं समदं गिऱ्हाईक नगरला जातं ते आमच्या दारावरनं. नुसतं बगून जावा. बगायला काय जातंय."

दहांतले नऊ जण तांब्या परत देऊन चालू लागत. दहावा मात्र मान वळवून मागं बघायचा, आणि मग कारभारी त्याच्या गाडीबरोबर सायकल लावून, वाटेत गावाचे गुण गात त्याला बोरखळीत घेऊन यायचा. सायकलवाला सहादेव असाच आला, टायर-ट्यूबांचं गाठोडं घेऊन. पुंजाराम आला तो गिरणीच्या दगडांसकट. गोळीसोड्यावाली चांगुणा बाटल्यांचे सहा खोके घेऊन नगरात धंदा करायला निघाली होती. कारकुनानं एकेक बाटली उन्हात धरून मोजायला घेतली तेव्हा तिनं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि कारभारीला त्या दिवशी तांब्या पुढं करायचीही गरज पडली नाही.

कारभारीला हे काम कुणी सांगितलं होतं, असं म्हणाल तर कुणीच नाही. तो बोरखळी ग्रामपंचायतीचा एकुलता एक शिपाई. सरपंच सूर्यभान पाटील एकदा बैठकीत म्हणाले होते, की गावात चार दुकानं आली पाहिजेत. म्हणाले आणि लगेच विहिरीच्या कठड्याच्या विषयाकडं वळले. कारभारी तेव्हा दाराशी चहाचं ताट घेऊन उभा होता. त्यानं ते हुकूम म्हणून घेतलं.

गावावर त्याचा जीव होता, पण गाव त्याचं होतं का, याबद्दल बोलायला नको. त्याचे आईबाप पाथर्डीकडचे, मजुरीला आलेले, आणि आईला दिवस भरले म्हणून इथं थांबलेले. कारभारी बोरखळीत जन्मला, बोरखळीत वाढला, रतनबाईशी लग्न करून तिलाही त्यानं बोरखळीतच आणलं. तरी चाळिशी उलटल्यावरही कुणी नवा माणूस विचारी, "हा कोणातला?" तेव्हा सांगणारा सांगे, "हा व्हय, हा पाथर्डीकडचा." त्याच्याजवळ जमीन नव्हती, भावकी नव्हती. होता तो आवाज. चावडीपाशी दवंडी दिली की मळ्यातला माणूस मोट थांबवून ऐकायचा. या आवाजावरच त्याला शिपायाची नोकरी मिळाली होती आणि भैरोबाच्या जत्रेतला पुकाराही.

हा पुकारा काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चैत्रात दिवस कलला की भैरोबाची पालखी निघते. निघण्याआधी एकेक मानकऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं. नाव आलं की मानकऱ्यानं पुढं यायचं, आपल्या मानाच्या वस्तूला हात लावायचा, गुरवाकडून नारळ घ्यायचा. सूर्यभान पाटलांकडं अब्दागिरीचा मान, म्हणजे देवावर छत्र धरायचा. कुणाकडं चवरीचा, कुणाकडं दांडीचा. शेवटचं नाव पुकारून झाल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. देवासमोर एकदा नाव पुकारलं गेलं की तो मान त्या घराचा झाला, तो परत घेता येत नाही. आणि मान असलेल्या माणसानं त्या दिवशी गावात नसणं म्हणजे मेल्यासारखंच. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेले मानकरी सुटी मिळो न मिळो, त्या दिवशी हजर असायचेच.

दुकानदार आणणं कारभारीला जमलं, पण ते टिकेनात. सहा महिने झाले की त्यांना नगरच्या बाजाराची ओढ लागे. तिथं गर्दी, तिथं सिनेमा, तिथं रोजचं गिऱ्हाईक. एकोणसत्तरच्या चैत्रात सहादेवनंही दुकान आवरलं, हत्यारं कॅरियरला बांधली, आणि आजची जत्रा बघून उद्या सकाळी निघायचं असं ठरवलं.

त्या जत्रेत कारभारीनं सगळी नावं पुकारली, भोई वाकले, आणि पालखी जरा उचलली तोच ती एका अंगाला कलली. दांडीचा बोल्ट सरकला होता. लोकांनी पालखी खाली टेकवली. सुतार शेवगावला गेलेला. आता काय करावं म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत असताना सहादेव धावत गेला, कॅरियरची दोरी सोडून पाना घेऊन आला, आणि त्यानं बोल्ट करकचून आवळून टाकला.

भोई पुन्हा वाकले. तेवढ्यात म्हातारा गुरव ओरडला, "थांबा. पालखीला हात कोनाचा लागला? त्याचं नाव न्हाई पुकारलं." पालखीला हात लागला म्हणजे पुकारा हवा, ही जुनी रीत. सगळ्यांनी कारभारीकडं पाहिलं. काय पुकारावं हे त्याला सुचेना. ऊन उतरत चाललेलं, लोक ताटकळलेले. त्यानं छाती भरून घेतली आणि त्या गडबडीत सुचलं ते पुकारलं, "पान्याचा मान, सहादेव सायकलवाले."

लोक पोट धरून हसले. पण गुरवानं नारळ दिला, सहादेवनं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि गोष्ट होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी त्याला निरोप द्यायला गेला तर सहादेव लिंबाखाली पंक्चर काढत बसलेला.

"न्हाई गेलास?"

"आता कसा जाऊ," सहादेव खाली बघतच म्हणाला. "गावात मान हाय आता. जाता येत न्हाई."

कारभारी घरी आला आणि तीन दिवस जेवता जेवता हातातला घास विसरू लागला. रतनबाईला वाटलं, नजर लागली. चौथ्या दिवशी तो आपल्याशीच हसला तेव्हा तिची खात्री पटली.

त्यानंतर बोरखळीत मान वाढू लागले. पुढच्या वर्षी पुंजाराम गिरणी हलवायचं बोलू लागला, तर नैवेद्याच्या पुरणपोळीचं पीठ त्याच्याच गिरणीतलं हवं असं गुरवाच्या मनात कुणीतरी भरवलं, आणि पिठाचा मान पुकारला गेला. चांगुणाचं प्रकरण जरा अवघड होतं. पालखी उठताना पाटलांच्या घरची जुनी ठासणीची बंदूक उडवायची पद्धत होती. त्या वर्षी ऐन वेळी बंदुकीत दारू ठासायचा गजच सापडेना. सलामी तर झालीच पाहिजे. मग चांगुणानं ओळीनं पाच बाटल्यांतल्या गोळ्या अंगठ्यानं आत दाबल्या, पाच आवाज झाले, पालखी उठली, आणि सोडा पोरांनी प्याला. सोड्याचा मान, चांगुणाबाई. तो गज दोन वर्षांनी कारभारीच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आडकाठी म्हणून लावलेला रतनबाईला दिसला. तिनं विचारलं, तर त्याला काही आठवेना.

म्हणजे कारभारी खोटा मान कधी देत नसे, असं त्याचं म्हणणं. कुठं काही कमी पडलं, की तिथं तो माणूस उभा करी. आणि कमी पडत नसेल तिथं कमी पडेल याची आधी तजवीज करी. सहादेव तर त्याचाच चेला निघाला. दर चैत्रात पुकारा झाला की पालखीचा बोल्ट ढिला निघायचाच, आणि तो आदल्या दिवशी कोण ढिला करतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पाटलांना हे रुचलं नाही. त्यांनी एकदा कारभारीला बोलावून घेतलं.

"सात पिढ्या आमी अब्दागिरी धरली," ते म्हणाले. "आन आता सोडेवाली बी मानकरी?"

"तुमचं नाव पयलं, तिचं शेवटलं," कारभारी म्हणाला. "पयल्याच्या मागं कोन असल्याबिगर पयला तरी कसा कळायचा, पाटील?"

पाटलांना हे पटलं की नाही कोण जाणे. पण रस्त्याकडेचे गाळे पाटलांचेच होते आणि ते सगळे भरले होते, त्यामुळं ते पुन्हा बोलले नाहीत.

फसला नाही तो एक मच्छिंद्र. मूळचा संगमनेरचा, शेवगावात दोन वर्षं मोटारी भरून आता नगरला निघालेला. विहिरीवरची विजेची मोटार जळाली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी भरायची, हा त्याचा धंदा. नाक्यावर त्याच्या तारेची रिळं उलगडून बघण्यात आली तेव्हा कारभारीनं त्यालाही पाणी पाजलं होतं. बोरखळीत त्याचं छान बस्तान बसलं. जळकी मोटार शहरात न्यायची तर ती जुनीच आहे, विकायची नाही, हे नाक्यावर पटवत बसावं लागे. त्यापेक्षा शेतकरी अलीकडंच बैलगाडी सोडून मच्छिंद्रकडं मोटार टाकायचे. पण गडी चलाख. पहिल्याच चैत्रात कारभारी त्याच्याकडं गुळगुळीत बोलू लागला, तसा त्यानं हातातली तार खाली ठेवली.

"कारभारीदादा, मला बांधू नका," तो म्हणाला. "भैरोबाशी माझा काय तंटा न्हाई. धंदा चालला तर ऱ्हाईन, न्हाई तर जाईन. ह्यो मानाचा तुमचा डाव हाय, मला कळतो."

"डाव हायच," कारभारी म्हणाला. "पन चालतो."

मच्छिंद्र हसला, आणि दोघांची दोस्ती तिथून जमली.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसू लागले. मोटारी चालेनात, त्यामुळं जळेनात. पुंजारामची गिरणी दिवसाआड सुरू राहू लागली. गावातले निम्मे लोक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. दुकानदार संध्याकाळी लिंबाखाली जमत आणि नगरात कुणाचा कोण ओळखीचा आहे याच्या गोष्टी करत. फाल्गुनात पंचायतीत मानकऱ्यांची बैठक बसली, आणि पाटील म्हणाले की यंदा जत्रा नको. देवाला नारळ फोडू आणि हात जोडू.

कारभारी दाराशी ताट घेऊन उभा होता. जत्रा नाही म्हणजे पुकारा नाही, आणि पुकारा नाही म्हणजे वैशाखापर्यंत रस्त्याकडेचा एकही गाळा उघडा राहायचा नाही, हे त्याला लख्ख दिसलं. त्यानं ताट खाली ठेवलं.

"जेवनावळ नको, कुस्त्या नको," तो म्हणाला. "पन पालखी निगू द्या. पालखी उचलायला पानी लागत न्हाई."

बैठकीत कुणीतरी हसलं. पाटील वैतागलेले होते, त्यांची स्वतःची विहीर आटली होती.

"कारभारी, ही मानकऱ्यांची बैठक हाय," ते म्हणाले. "तू हाळी देनारा. तू हाळी देऊन मोकळा हो. तुला कशाचा मान हाय म्हनून मधी बोलतोस?"

पाटलांच्या मनात काही नव्हतं. ते पुढच्या विषयावर गेलेही, आणि शेवटी पालखी काढायची असंच ठरलं. पण कारभारीनं ताट उचललं आणि उरलेला चहा न वाटताच तो बाहेर आला. बावीस वर्षं तो लोकांची नावं पुकारत आला होता. सायकलवाल्याला, सोडेवालीला त्यानं देवासमोर उभं केलं होतं. पुकारणाऱ्याचं नाव कुणी पुकारत नाही आणि त्याचं त्याला पुकारता येत नाही, हे त्यानं त्या दिवसापर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात नाक्यावर कारकुनानं त्याला हाक मारली. इतकी वर्षं कारकून हा तांब्याचा खेळ खिडकीतून बघत आला होता.

"कारभारी, नाक्यावर शिपायाची जागा निघाली आहे," तो म्हणाला. "कायमची. राहायला खोली, खोलीत नळ. मी साहेबांशी बोललोय. तुम्ही बाभळीखाली बसून आमचे लोक पळवता, त्यापेक्षा इकडंच येऊन बसा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी उत्तर द्या."

एरवी कारभारीनं हे हसण्यावारी नेलं असतं. त्या दिवशी तो सायकल हातात धरून चालत घरी आला. रतनबाई दोन कोसांवरून एक हंडा घेऊन नुकतीच परतली होती आणि भिंतीला टेकून बसली होती. त्यानं सांगितलं.

"खोलीत नळ?" तिनं विचारलं.

"खोलीत."

"मग जाऊ की. हितं आपलं काय हाय?"

कारभारीनं हंडा उचलून आत ठेवला. तो म्हणाला, जाऊ.

ही गोष्ट दोघांतच ठेवायची असं ठरलं. रतनबाईनं कुणाला सांगितलंही नाही. तिनं भांडी बांधायला चांगुणाकडं एक पोतं तेवढं मागितलं. कशाला हवं, असं चांगुणानं विचारलं, तर रतनबाई म्हणाली, असंच. बोरखळीत एवढं पुरतं.

त्यानंतर कारभारीला गावात वेगळंच दिसू लागलं. तो लिंबाखाली गेला की बोलणं थांबायचं. पुंजाराम आणि सहादेव मच्छिंद्रच्या गाळ्यातून डोकं बाहेर काढत आणि त्याला बघून पुन्हा आत घेत. एकदा तर पाटीलही तिथून बाहेर पडले आणि त्याला बघून, मोटार बघायला गेल्तो, असं न विचारता सांगते झाले. पाटलांच्या विहिरीत बेडूक बुडेल एवढं पाणी नव्हतं. आणि जत्रेच्या आदल्या दिवशी मच्छिंद्र नगरहून टेम्पो घेऊन आला. तेव्हा कारभारी समजून चुकला की हे सगळेच निघाले. माणसाच्या मनातलं ओळखायची विद्या, जिच्या जोरावर त्यानं गाव वसवलं, ती त्याला दगा देत होती, पण त्याला ते कसं कळावं. त्याला फार वाईट वाटलं. आपण जाणार म्हणून नव्हे, तर आपण केलेलं आपल्या डोळ्यांदेखत मोडणार म्हणून.

जत्रेच्या दिवशी तो देवळापुढं आला तर लिंबाच्या झाडाला भोंगा टांगलेला, आणि खाली मच्छिंद्र बॅटरीला तारा जोडत बसलेला. टेम्पोतून आलं होतं ते हे.

"यंदा मानसं दमल्याली हायेत," मच्छिंद्र म्हणाला. "लांबच्याला बी ऐकू गेलं पायजे."

"माझ्या हाळीला भोंगा लागतो व्हय?" कारभारी म्हणाला. पण रागवता रागवता त्याच्या मनात दुसराच विचार आला. मच्छिंद्र आपल्या पायांनी चालत सापळ्यात आला होता. जाता जाता हा एक तरी पक्का करून जाऊ.

दिवस कलला. कारभारी पुढं झाला. भोंग्याकडं पाठ करून, स्वतःच्याच आवाजात त्यानं पुकारा सुरू केला. अब्दागिरीचा मान, सूर्यभान पाटील. चवरी, दांडी, मग पाना, पीठ, सोडा. माणसं येत होती, नारळ घेत होती. दुष्काळानं सगळ्यांचे चेहरे उतरलेले, पण नाव आलं की जो तो पागोटं सारखं करून पुढं येत होता. सहादेवनं बोल्ट आवळला. शेवटी कारभारीनं दम घेतला.

"भोंग्याचा मान, मच्छिंद्र मोटारवाले."

मच्छिंद्र वाद घालील असं त्याला वाटलं होतं. तो मुकाट्यानं आला आणि नारळ घेऊन बाजूला झाला. कारभारीला बरं वाटलं. त्यानं चांगुणाला खूण केली आणि हात वर केला, पालखी उचला म्हणून.

चांगुणानं बाटलीला अंगठा लावला नाही. भोई हाताची घडी घालून उभे राहिले. पाटलांनी अब्दागिरी काखेत धरली होती.

"उचला की," कारभारी म्हणाला.

"पुकारा पुरा झाला न्हाई," गुरव म्हणाला.

"झाला. समदी नावं झाली."

"पालखीला हात लागला त्याचं नाव पुकारतोस. आवाज कोनाचा लागला, त्याचं कुठं पुकारलंस? बावीस साल मी बगतोय."

कारभारीनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सहादेव पाना खाली-वर करत होता. पुंजाराम आभाळाकडं बघत होता. कारभारीच्या आता सगळं ध्यानात आलं. कमी आधी पाडायची, मग माणूस तिथं उभा करायचा. बेत त्याचाच होता, सगळा त्याचाच, आणि तो बेत त्याला पायांपासून डोक्यापर्यंत दिसत होता. तेवढ्यात भोंगा खरखरला.

"हाळीचा मान," मच्छिंद्रचा आवाज आला, "कारभारी भिकाजी बोरखळीकर."

भिकाजी हे नाव त्या गावात चाळीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. मजुरीला आलेला आणि इथंच मातीत गेलेला त्याचा बाप. आणि पुढचं नाव तर आजवर कुणाचंच नव्हतं. कारभारी जागचा हलेना. मग पाटीलच नारळ घेऊन त्याच्याकडं आले.

"बैठकीत बोललो ते चुकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आन खोटं कशाला सांगू, तू गेलास तर ह्ये समदे जातील, माझे गाळे ओस पडतील. पन ते ऱ्हाऊ दे. घे."

कारभारीनं नारळ घेतला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बायाबापड्यांसमोर ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मच्छिंद्र त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"ह्यो डाव हाय," कारभारी म्हणाला.

"डाव हायच, दादा," मच्छिंद्र म्हणाला. "पन चालतो."

पाच बाटल्या उडाल्या. आता भैरोबाच्या नावानं पहिली आरोळी कारभारीनं द्यायची, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घशातून आवाज निघाला नाही. मग लोकांनीच आरोळी दिली. पालखी उठली. पाटलांनी एका हातानं अब्दागिरी धरली आणि दुसऱ्या हातानं कारभारीला ओढून दांडीखाली घातलं.

घरी आला तेव्हा रतनबाई ओट्यावर बसून पोत्याचं तोंड सोडत होती. भोंग्याचा आवाज तिच्यापर्यंत आला होता. रिकामा हंडा तिनं उद्यासाठी दाराशी काढून ठेवला होता. एकेक भांडं काढून फळीवर मांडता मांडता एवढंच म्हणाली, "सासऱ्याचं नाव आज पयल्यांदा मोठ्यानं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी कारभारी नाक्यावर गेला. कारकून कागद पुढं ओढून बसलाच होता.

"मग, काय लिहू?"

"न्हाई जमायचं, सायेब," कारभारी म्हणाला. "गावात मान हाय आता. जाता येत न्हाई."

"ऐकलं काल. भोंगा इथवर येत होता." कारकुनानं कागद बाजूला ठेवला.

कारभारी जायला निघाला आणि दारातच थांबला. बाहेर एक भांडीवाला आपल्या पेट्या पुन्हा बांधत होता, पण तो अजून पुरता तापला नव्हता. कारभारीनं मागं वळून कारकुनाकडं नीट बघून घेतलं, त्याच्या चष्म्याकडं, टाकाकडं, वळणदार अक्षरांच्या वहीकडं.

"सायेब, तुमी रिटायर कवा?"

"पुढच्या वर्षी. का?"

"न्हाई, सहज. आमच्याकडं अर्ज, कागद लिहून देनारं कोन न्हाई. लोकांना पार नगरला यावं लागतं. लिंबाखाली जागा हाय." असं म्हणून त्यानं तांब्या उचलला आणि खिडकीतून आत धरला. उन्हाची वेळ होती आणि कारकुनाचा माठ कधीचा रिकामा होता.

कारकून सगळं पाणी प्याला. तांब्या परत देताना त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि जत्रा चैत्रात नक्की कोणत्या तिथीला असते ते विचारलं.